तांबडी वाइन आणि चाकणचा कांदा

गेल्या हिवाळ्यात मी दारूबंदीच्या राज्यात गेले आणि तिथे आठवडाभर जेवणाबरोबर इटलीची तांबडी वाइन प्याले, तीही राजरोस, सरकारी परवाना पर्समध्ये ठेवून. इंदूरला परतल्यावर मी ही गोष्ट दोघीतिघींना सांगितली आणि ती अशी काही पसरली की आता भाजीवालाही माझ्याकडे बघून हसतो. तेव्हा खरं काय घडलं ते एकदा नीट लिहून काढलेलं बरं. शिवाय पुण्याच्या पलीकडचा तो मुलूख आपल्याकडच्या फारशा लोकांनी पाहिलेला नाही. पुण्याला जाणारे पुण्यातच थांबतात.

माझा धाकटा भाऊ भास्कर पिंपरीला एका नव्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याच्याकडे यंत्रं बसवायला इटलीहून एक फिटर आला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि कारखान्यात इटालियन कोणाला येत नव्हतं. गेल्या महायुद्धाच्या काळात मी लष्करी इस्पितळात नर्स होते आणि इटलीत दोन हिवाळे काढले होते. तिथल्या धोबिणींशी, दूधवाल्यांशी आणि स्वयंपाकघरातल्या बायांशी भांडून भांडून मी ती भाषा शिकले. व्याकरण कच्चं, पण भांडण करता येतं एवढी पक्की. भास्करने कळवलं, "ताई, आठवडाभर ये. नाहीतर हा माणूस निघून जाईल." मी रजा काढली आणि निघाले.

पिंपरी

पिंपरी म्हणजे स्टेशन, माळरान आणि वारा. रुळांच्या एका अंगाला सिंधमधून आलेल्या निर्वासितांची बराकींची वस्ती आहे. सकाळी तिथून पावाचा वास येतो आणि दिवसभर कापडाची, भांड्यांची, सायकलदुरुस्तीची दुकानं चालू असतात. दुसऱ्या अंगाला नव्या इमारतींच्या भिंती उभ्या राहतायत आणि त्यांच्यामधून शेळ्या चरत फिरतात. आमच्या इंदुरात गिरणीचा भोंगा वाजला की सगळा रस्ता माणसांनी भरतो. इथे सुट्टी झाली की माणसं पायवाटांनी रहाटणीकडे, चिंचवडकडे शेतांतून निघून जातात आणि थोड्याच वेळात माळ पुन्हा रिकामा होतो.

फिटरचं नाव अर्नेस्तो. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, हात फावड्यासारखे. मी त्याच्या भाषेत "काय, जेवलात का?" असं विचारलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसला. पुढचा तासभर तो बोलतच होता. त्याची तक्रार यंत्रांबद्दल नव्हती, पगाराबद्दलही नव्हती. तो महिनाभर एकटा जेवत होता. खोलीत अंडी उकडायची, केळी सोलायची आणि भिंतीकडे बघत खायचं. परदेशी म्हणून त्याला दारूचा परवाना होता, आणि घरून आणलेल्या तांबड्या वाइनच्या बाटल्या पलंगाखाली तशाच पडून होत्या.

"का?" मी विचारलं.

"एकट्याने पितो तो दारुडा," तो म्हणाला. "ही जेवणाबरोबर घ्यायची असते, आणि जेवण चारचौघांत असतं."

मीही परवाना काढला. ज्यांच्या प्रांतात बंदी नाही अशा पाहुण्यांना तो आठवड्यापुरता मिळतो. भास्कर मात्र तिथला रहिवासी, त्यामुळे त्याने पाण्याचा पेला उचलून आमच्याकडे बघत बसायचं असं ठरलं. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं.

पहिल्या दिवशी मी फसले, हे सांगायला हरकत नाही. इंदुरी हात दाखवायचा म्हणून बटाट्याचा लालभडक रस्सा केला आणि वरून घरून नेलेली लवंगी शेव पेरली. अर्नेस्तोने घास घेतला, मग वाइनचा घोट घेतला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही घोट घेतला. तिखटावर ती वाइन नुसतं आंबट, कडसर पाणी लागत होती, आणि तोंडातली आग विझायच्या ऐवजी पसरत होती. दोघांचाही अपमान झाला, रश्श्याचा आणि वाइनचा.

दुसऱ्या दिवशी मी डोकं वापरलं. निर्वासितांच्या वस्तीतून ताजा पाव आणला, वांगी निखाऱ्यावर भाजून सोलली, त्यांत लसूण, मीठ आणि गोडं तेल घातलं, मिरचीला हात लावला नाही. आता मात्र तीच वाइन मला ओळखता आली. रंग पिकलेल्या करवंदाच्या रसाचा, पेला दिव्यासमोर धरला तर कडेला विटकरी झाक. पहिला घोट आंबट, मग मागून जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आवळते, आणि अखेरीस थोडी बदामाच्या सालीची चव राहते. जीभ आवळली की तेलकट घास हवासा वाटतो, आणि घास खाल्ला की पुन्हा घोट. तिचं काम एवढंच. ही काही बड्या लोकांची, धूळ खात वर्षानुवर्षं ठेवलेली वाइन नव्हे. अर्नेस्तोच्या रोमान्या प्रांतात ती शेतकऱ्याच्या टेबलावर पाण्याच्या भांड्याशेजारी असते आणि जवळजवळ तितकीच स्वस्त असते.

"आता हिला कांदा आणि मांस मिळालं पाहिजे," अर्नेस्तो म्हणाला. "कांदा पुष्कळ, आणि गोड."

भास्कर म्हणाला, "कांदा हवा तर चाकणला चला."

चाकणचा बाजार

रविवारी आम्ही तिघं कारखान्याच्या जीपमधून निघालो. भोसरीपर्यंत रस्ता बरा होता. उजव्या हाताला दिघीच्या बाजूची लष्कराची उघडी जमीन दिसते, पुढे मोशीपाशी इंद्रायणी ओलांडली की दोन्हीकडे ज्वारी आणि हरभरा. नदीच्या अलीकडे एका हवालदाराने जीप थांबवली आणि टोपलीतल्या बाटल्यांकडे बोट दाखवलं. मी दोन्ही परवाने काढून दिले. त्याने ते उलटेसुलटे वाचले, मग माझं पातळ, माझं पांढरं होत आलेलं डोकं आणि हातातला परवाना यांचा मेळ बसवायचा त्याने बराच प्रयत्न केला.

"बाई, ह्ये तुमचंच नाव?"

"माझंच."

"आन पिनार बी तुमीच?"

"जेवताना," मी म्हणाले.

त्याने परवाने परत दिले आणि जीप जाईपर्यंत तो रस्त्याच्या मधोमध उभा होता.

चाकणचा बाजार कांद्याचा. आपल्याकडे मंडईत भाजी मांडलेली असते, इथे कांदा ओतलेला असतो. ढीग माणसाच्या छातीएवढे, आणि त्यांच्यामधून वाट काढत बैलगाड्या, हमाल आणि दलाल. पातींचा वास इतका दाट की डोळे न चुरचुरता नाकच चुरचुरतं. अर्नेस्तो एका ढिगाजवळ उकिडवा बसला, एक कांदा घेतला, नखाने फोडला, पाकळी तोंडात टाकली आणि डोळे मिटून स्वतःशीच म्हणाला, "चिपोल्ला." म्हणजे कांदा.

"चिपोल्ला! बोनो, बोनो!" मागून कोणीतरी ओरडलं.

आम्ही वळून पाहिलं. पांढरा फेटा, करड्या मिशा, डाव्या पायाने जरा लंगडणारा एक उंच माणूस ढिगाला वळसा घालून येत होता. त्याने अर्नेस्तोचा हात धरला आणि एकेक शब्द दगड ठेवल्यासारखा ठेवला. "पाने. विनो. कासा. नोन्ना." म्हणजे पाव, वाइन, घर आणि आजी. तेवढंच त्याचं इटालियन होतं. त्यानंतर मला पाहून त्याने मराठीत सुरू केलं. त्याचं नाव धोंडिबा, चाकणच्या अलीकडच्या एका वाडीचा पोलीस पाटील. लढाईत तो पलटणीबरोबर इटलीत गेला होता. मीही तिथे नर्स होते हे सांगितल्यावर मी त्याची सिस्टरबाई झाले. एका नदीकाठी टेलिफोनची तार ओढताना पायात गोळ्याचा तुकडा शिरला, अंधारात त्याची तुकडी मागे हटली आणि तो शेतात पडून राहिला. एका शेतकऱ्याच्या घरच्यांनी त्याला उचलून गोठ्यात लपवलं.

"आन म्हातारी, नोन्ना, मला पाव वाइनीत बुडवून भरवायची," तो म्हणाला. "ताप उतरंस्तवर."

बाजूला उभे असलेले दोघंतिघं हसू दाबत होते. त्यातला एक, शिवराम, पाटलाचा चुलतभाऊ, मोठ्याने म्हणाला, "घ्या. पाटलाची इटली चालू झाली. समदी पलटन लढत व्हती आन आमचा पाटील गोठ्यात झोपून पाव खात व्हता."

धोंडिबाचा चेहरा बदलला. तो रागावला नाही. ही चेष्टा त्याच्या अंगवळणी पडली होती, हे दिसत होतं. अर्नेस्तोला मी हळूच सगळं सांगितलं. तो अर्नेस्तोकडे वळून मला म्हणाला, "सिस्टरबाई, ह्यांस्नी सांगा, आज जेवान माज्या घरी."

पाटलाच्या घरी

पाटलाचं घर मातीचं, नीट सारवलेलं, पुढे पडवी, मागे विहीर. जीपमध्ये उन्हाने बाटल्या कोमट झाल्या होत्या. पाटलाने न विचारता त्या बादलीत घातल्या आणि विहिरीच्या पाण्यात सोडल्या. "तिकडं बी असंच करायचे," तो म्हणाला. मी ते सांगितल्यावर अर्नेस्तोने मान डोलावली आणि आतापर्यंत मला न दिसलेलं त्याचं हसू दिसलं.

खरी अडचण चुलीपाशी होती. पाटलाच्या घरच्या, गोदाबाई, यांना मटणात मिरची घालू नका असं सांगायचं काम माझ्यावर आलं.

"म्हंजे आजाऱ्याचं जेवान?" त्या म्हणाल्या. "पावना पहिल्यांदा आलाय. लोकं काय म्हनतील, पाटलिणीला मसाला परवडंना?"

"लोकांना वेगळं करा. ह्याच्यापुरतं माझं ऐका."

त्या ऐकायला तयार नव्हत्या, पण माझ्याकडे इस्पितळाचा आवाज आहे. त्यापुढे कर्नलही ऐकत असत. शेवटी मडक्यात कांदा ओतला, मटणाच्या बरोबरीने कांदा, आणि लसूण, मिरी, मीठ, थोडं तेल. पाण्याचा थेंब नाही. झाकण ठेवून मंद आचेवर. तासाभराने त्या कांद्याचा गुळासारखा तांबूस लगदा झाला आणि त्यात मटण सुटं होऊन आलं. गोदाबाईंनी बोटावर घेऊन चाखलं, आणि पुन्हा एकदा चाखलं.

तोवर पडवीत वाडी जमली होती. शिवराम सगळ्यांत पुढे. विहिरीतून बाटल्या काढल्या तशी कुजबुज वाढली. पाटील उठून म्हणाला, "परवाना असला तरी उगड्यावर पिता येत न्हाई. माजघरात बसा." मग आम्ही आत बसलो आणि दारातून, खिडकीतून डोकी आत आली.

गोदाबाईंनी बाजरीच्या गरम भाकरी वाढल्या. अर्नेस्तोने भाकरी हातात घेतली, उलटी करून तिच्यावरचे डाग पाहिले, तुकडा मोडला आणि मटणाला लावला. घास, मग घोट. मीही तेच केलं. काय सांगू. कांद्याच्या गोडीने वाइनचा आंबटपणा मऊ झाला, मटणाच्या चरबीवरून ती जीभ आवळणारी चव स्वच्छ फिरली, आणि बाजरीच्या करपल्या डागाशी तिचं असं जमलं की मला वाटलं, ही दोन्ही एकाच शेतात पिकली असावीत. मी या वाइनबरोबर इटलीत बरंच काही खाल्लं आहे. यापेक्षा चांगली जोडी मी पाहिलेली नाही.

अर्नेस्तोने तिसरा पेला भरला आणि पाटलापुढे ठेवला.

"न्हाई," पाटील म्हणाला. "म्या गावचा पाटील हाय. गेल्या साली नाल्यातल्या दारूच्या भट्ट्या म्याच पकडून दिल्या."

"घे की पाटील," शिवराम दारातून म्हणाला. "घे आन सांग तीच हाय का. धा वरसं आमी ऐकतोय. आज कळू दे."

दारातली डोकी आणखी पुढे सरकली. पाटलाने पेला उचलला. त्याने घोट घेतला असता तर तो गुन्हेगार ठरला असता, आम्हीही ठरलो असतो, आणि दारात उभ्या असलेल्यांपैकी एकाने तरी उद्या जाऊन सांगितलं असतं. पण न घेतला तर त्याची गोष्ट खोटी, असं त्या डोळ्यांनी आधीच ठरवलं होतं.

त्याने पेला नाकापाशी नेला आणि तसाच धरला. बराच वेळ. मग तो अर्नेस्तोकडे बघून बोलायला लागला, आणि मी भाषांतर करत गेले.

"द्राक्षाच्या येली झाडावर चढवलेल्या व्हत्या. मांडव न्हाई, झाडं. एका झाडावरनं दुसऱ्या झाडावर."

"होय," अर्नेस्तो म्हणाला. "आमच्याकडे तसंच."

"बैल पांढरेफेक. शिंगांची टोकं काळी."

"होय."

"आन म्हातारी भाकरी करायची. पाव संपला की. मातीच्या तव्यावर, चपटी, अशीच. तिला डाग पडायचे. ह्ये म्या कुनाला सांगितलं न्हाई, कारन लोकं म्हनली असती, गोऱ्याच्या घरात कुटनं आली भाकरी."

हे मी सांगितल्यावर अर्नेस्तोने हातातला तुकडा वर धरला. "माझी आई हीच करते," तो म्हणाला. "गव्हाची, पण हीच. मी मघापासून तेच बघत होतो." मग तो दाराकडे वळला आणि मला म्हणाला, "यांना सांगा. त्या हिवाळ्यात आमच्याकडे जर्मन सैनिक घराघरात शिरत होते. ज्याच्या गोठ्यात परका शिपाई सापडे त्याचं घर जाळत, आणि घरातल्या पुरुषांना भिंतीशी उभं करत. माझ्या शेजाऱ्याचं घर असं गेलं. हा माणूस झोपायला गेला नव्हता. त्याच्यासाठी कोणीतरी आपलं घर पणाला लावलं होतं."

मी एकेक वाक्य मोठ्याने सांगितलं. शिवरामने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि उंबऱ्यावर बसला. "आमाला काय ठावं," तो म्हणाला.

पाटलाचं मात्र शिवरामकडे लक्ष नव्हतं. त्याने पेला खाली ठेवला आणि मला म्हणाला, "त्यांस्नी इचारा, त्ये घर ऱ्हायलं का. म्या गेल्यावर काय झालं. म्हातारी..."

अर्नेस्तोने गावाचं नाव विचारलं. पाटलाला ते माहीत नव्हतं. नदी सांगितली, टोक तुटलेला घंटेचा मनोरा सांगितला. अर्नेस्तोने विचार केला आणि मान हलवली. "त्या नदीकाठी असे मनोरे पुष्कळ होते," तो म्हणाला. "आणि घरं बरीच पडली. मला ठाऊक नाही. खोटं सांगणार नाही." मी तसंच सांगितलं. मला गोड करून सांगता आलं असतं, पण पाटील माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता त्या नजरेला खोटं सांगायची सोय नव्हती.

तेव्हा गोदाबाई उठल्या. इतका वेळ त्या चुलीशी पाठ करून सगळं ऐकत होत्या. त्यांनी एक नवी थाळी घेतली, तिच्यात भाकरी ठेवली, मडक्यातलं उरलेलं मटण, हाडाचा चांगला तुकडा निवडून, वाढलं, आणि ती अर्नेस्तोसमोर ठेवली. त्याचं जेवण झालं होतं. त्याने पोटावर हात ठेवून नको म्हटलं.

"त्याला सांगा बाई," गोदाबाई मला म्हणाल्या, "ह्ये त्याचं न्हाई. ह्ये त्या म्हातारीच्या वाटचं हाय. तिनं माज्या मान्साला जेवू घातलं. ती काय हितं येत न्हाई. तिच्या मुलखाचा ह्यो आलाय, ह्यानं खावं."

मी सांगितलं. अर्नेस्तोने थाळी जवळ ओढली. पाटलाने आपल्यापुढचा पेला उचलून त्याच्या थाळीशेजारी ठेवला. अर्नेस्तो सावकाश जेवला, सगळं जेवला, हाड चोखून स्वच्छ केलं आणि शेवटच्या तुकड्याने थाळी पुसून घेतली. सारं माजघर त्याला जेवताना बघत होतं आणि कोणी हललं नाही.

परत

उन्हं उतरली तसे आम्ही निघालो. शिवरामने कांद्याचं एक पोतं आपल्या पाठीवरून आणून जीपमध्ये टाकलं. अर्नेस्तोने यंत्रं लावून होईपर्यंत राहायचं कबूल केलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा वाडीला येण्याचंही. भास्करच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसत होतं. दिवसभर पाणी पिऊन त्याने बरंच सोसलं होतं.

पाटील जीपपर्यंत लंगडत आला. माझ्या बाजूला येऊन त्याने आवाज खाली केला.

"सिस्टरबाई, एक इचारायचं व्हतं. डोमानी म्हंजे नक्की काय?"

"उद्या," मी म्हणाले. "का?"

त्याने जीपच्या कडेला हात टेकला. मग म्हणाला, "आपल्यात निगताना जातो म्हनत न्हाईत. येतो म्हनत्यात. मला त्यांच्यातला शबूद ठावा नव्हता. म्हातारी रोज सांजचं गोठ्याचं दार लावताना डोमानी म्हनायची, तर मला वाटलं, त्योच आसंल. मला न्यायला आपली मान्सं आली तवा म्या तिला डोमानी म्हनून आलो. म्हंजे ती दुसऱ्या दिशी वाट बघत बसली आसंल."

मी अर्नेस्तोला सगळं सांगितलं. त्याने जीपमधून हात बाहेर काढून पाटलाच्या खांद्यावर ठेवला.

"आमच्याकडच्या म्हाताऱ्या दार लावताना तसंच म्हणतात," तो म्हणाला. "लढाईत तर जो कोणी दारातून बाहेर पडेल त्याला म्हणत. उद्या तो येईलच असं कोणी धरत नसे. पण तसंच म्हणायचं असतं."

मी ते पाटलाला सांगितलं. त्याने ते दोनदा सांगायला लावलं.

"म्हंजे म्या बरूबर बोललो," तो म्हणाला.

"अगदी बरोबर," मी म्हणाले, आणि भास्करने जीप चालू केली.